पालथा ग्लास

माझ्या कँटिनच्या फळीवर स्टीलचा एक ग्लास पालथा दिसला म्हणजे समजाचं, प्रणाली घरी गेली. ग्लास जागेवर नसला म्हणजे ती मिलमध्ये आहे. सकाळी ती बसमधून उतरे, आपला ग्लास उचले, पाणी भरे नि आत जाय. दुपारची सुट्टी झाली की ग्लास घासून, पुसून, फळीवर पालथा ठेवे नि बसमध्ये जाऊन बसे. ग्लास तिच्या घरचा, पण मुक्काम माझ्याकडं. त्याले दुसऱ्या कोणी तोंड लावलं असतं तर त्याची खैर नव्हती, नि हे साऱ्या मिलले माहीत होतं.

मी शकुबाई. सौंसरच्या पुढं नागपूर रोडवर आमची सूतमिल आहे, तिथं कँटिन चालवते. इकडून ट्रकनं कापसाच्या गाठी येतात, तिकडून सुताचे कोन होऊन जातात, नि मधात जे काही होते ते आवाजातच होते. नवीन बाई कामाले लागली की पहिले काही दिवस डोकं धरून बसते. मग तिचे कान मरतात नि ती आमच्यासारखी ओरडून बोलाले लागते. मी घरीबी ओरडूनच बोलते. नातू म्हणते, आजी भांडून राहिली. भांडत नाही बाप्पा, माझा गळाच तसा झाला.

प्रणालीचे कान काही मेले नाही. पांढुर्ण्याची पोट्टी, शिकलेली, बाप भगवंतराव सरकारी कचेरीत बाबू होता. आधी तिले एका खाजगी शाळेत शिकवाले ठेवलं होतं. वर्गात गोंगाट झाला की ती बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहे. तिथून काढलं, मग मिलमध्ये आली. इथंबी हूटर वाजाच्या आधीच दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहे. पण हूटरची वेळ ठरलेली, म्हणून तो तिले चाले. जे सांगून येते ते तिले चाले. न सांगता जे येते, त्यानं ती पांढरी पडे.

वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत कोनावर गुंडाळतात तिथं, एक ट्यूबलाइट फडफडत होती. आपण खाली पाहून काम करतो, आपल्याले काय त्याचं. तिले ते फडफडणं डोळ्यात टोचे. सुपरवायझर वैशाली मनाची चांगली बाई, पण केसाले वासाचं तेल चोपडून ये नि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवे. प्रणालीनं तिले चारचौघात सांगितलं, "ताई, तुमच्या तेलानं मले ओकारी येते. आणि हात ठेवू नोका." तिच्या मनात काही वाईट नव्हतं, जे होतं ते सांगितलं. वैशाली माझ्या कँटिनमध्ये येऊन डोळे पुसत बसली, नि मले आतल्या आत हसू येऊन राहिलं होतं.

शेवटी पोट्टीले तिची जागा सापडली. कोन डब्यात भराच्या आधी एका अंधाऱ्या खोलीत पाहतात. तिथं जांभळी बत्ती असते. दुसरं सूत मिसळलं असलं तर त्या बत्तीखाली तो कोन वेगळा चमकते, तो बाजूले काढाचा. एवढंच काम. दार लावलं की मशीनचा आवाज दबून जाते. बाकी बायाइले ती खोली आवडे नाही. म्हणत, डोळे जातात, एकटं बसून डोकं फिरते. प्रणाली तिथं गेली नि तिथलीच झाली. चुका करे, नाही असं नाही. एखादा कोन राहून जाय नि बोलणी खाय. पण दुपारी बाहेर आली की तिचा चेहरा मोकळा राहे. ती मले पाहून पहिल्यांदा हसली ते त्या खोलीत गेल्यावरच. जेवण ती माझ्या सिलिंडरच्या खोलीत बसून करे. वरणाले भात शिवला तर ताट बाजूले सारे, म्हणून मी तिले दोन वाट्या वेगळ्या देत होती.

मले वाटे, पोट्टी तऱ्हेवाईक आहे, बस. मग एक दिवस तिची माय वंदनाबाई गेटवर आली. प्रणाली पोळीचा डबा विसरली होती, तो द्याले आली होती. मी तिले चहा पाजला, नि तिनं एकदम सांगून टाकलं, जसं कोणीतरी विचाराची वाटच पाहून राहिली होती. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं होतं. ऑटिझम म्हणतात त्याले. जन्मापासून असते. रोग नाही, वेड नाही, बाहेरचं तर बिलकुल नाही. मेंदूची घडणच तशी. आपल्याले जो आवाज एवढासा, तो तिले अंगावर पडल्यासारखा.

"मिलमध्ये सांगू नोका शकुबाई," वंदनाबाई म्हणाली. "सांगितलं तर काढून टाकतील."

"नि नाही सांगितलं तर?" मी म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाले गुंडाळत राहिली.

नोकरी गेली तर काय होणार, हेही तिनं सांगितलं. लोधीखेड्याचं एक स्थळ भगवंतरावानं मनात धरून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, पोरगी कामाले जाते तोवर मी काही बोलत नाही, काम सुटलं की लगीन. नवरदेव बिजवर. घर भर चौकात, घरात गाडीभर माणसं, नि खालच्या मजल्यावर लाउडस्पीकर भाड्यानं द्याचा धंदा. एवढी पोरं आहेत दुनियेत, नि याले तेच घर दिसलं.

प्रणालीले ते स्थळ माहीत होतं. मायबापानं तिले एकदा तिथं नेलं होतं, पाहुणे म्हणून. ती मले ग्लास पुसत पुसत म्हणाली, "मावशी, त्या घरात मले जी खोली दाखवली, तिच्या दाराले आतून कडी नाही. मी पाहून आली."

नि तिनं ग्लास फळीवर पालथा ठेवला.

मग नवीन मॅनेजर आले, सौरभ साहेब, इंदोरकडचे. हिंदीत बोलत, मी आपल्या बोलीत सांगते. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, नि मिलमध्ये उत्साही माणूस आला की गरिबाचं मरण. सकाळी साऱ्याइले गोल उभं करून टाळ्या वाजवाले लावे. कोणाचा वाढदिवस असला की केक, नि केक खाण्यापेक्षा तोंडाले फासणं जास्त. शिफ्ट बदलली की आदल्या संध्याकाळी फोनवर कळे. बाकीच्या बाया कुरकुर करत नि करून टाकत. प्रणाली मात्र वाळत चालली होती. टाळ्या वाजताना ती ओठ चावे. एकदा ओठातून रक्त आलं.

तिच्या वाढदिवसाले सारे जण केक घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत घुसले. न सांगता. मोठी बत्ती लावली नि एका सुरात ओरडले. कोणीतरी तिच्या गालाले क्रीम फासलं. तिनं केकले धक्का दिला, तो साहेबाच्या शर्टावर गेला, नि ती बाहेर पळाली ती माझ्या सिलिंडरच्या खोलीत येऊन पडली. थरथर कापून राहिली होती. मी दार लोटून बाहेर उभी राहिली. साहेब आले नि म्हणाले, "हिचं डोकं ठिकाणावर आहे का? लोक प्रेमानं करून राहिले नि ही असं वागते. आणखी एकदा काही झालं तर मी हिले घरी पाठवीन."

तेव्हापासून माझा जीव टांगणीले लागला. मले सारं माहीत होतं, नि माझ्या तोंडाले कुलूप. चाबी वंदनाबाईपाशी. रोज दुपारी फळीवर ग्लास पालथा दिसला की मी मनात म्हणे, चला, आजचा दिवस निभावला.

आता पोळ्याच्या आदल्या दिवशीचं ऐका. पोळा, नि त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेकीची जत्रा. त्या दिवशी तिकडं जाणं-येणंच बंद राहते, नि आमच्या अर्ध्या बाया पांढुर्ण्याच्या. म्हणून मिलले दोन्ही दिवस छुट्टी. बायाइचं अर्धं मन घरी पोहोचलं होतं. कोणाले बैलाची झूल घ्याची, कोणाले पुरणाची डाळ भिजवाची.

साहेबाच्या डोक्यात आलं, छुट्टीच्या आधी आगीची तालीम घेऊन टाकू. सांगून घेतली तर ती तालीम कशाची, म्हणून त्याइनं कोणाले सांगितलं नाही. नवीन सायरन बसवला होता, तो आजवर वाजला नव्हता. तो वाजला नि माझ्या हातातलं चहाचं भगोनं खाली पडलं. असा आवाज मी जिंदगीत ऐकला नव्हता. छातीत हात घालून कोणी काळीज पिळते तसा. सारी पब्लिक धावत मैदानात. कोणी रडून राहिली, कोणी चपला सोडून आली. मग साहेबानं हात वर करून सांगितलं, आग नाही, तालीम होती, सगळे पास. बाया हसाले लागल्या. सुट्टीले थोडाच वेळ होता, साहेबानं तिथूनच सोडून दिलं, नि साऱ्या बसकडं पळाल्या.

आमच्याकडं टोकनाची एक रीत आहे. प्रत्येकीचं एक पितळेचं टोकन. आत येताना गेटच्या बोर्डावरून काढाचं, जाताना परत लटकवाचं, म्हणजे कोण आत, कोण बाहेर ते कळते. पण बस गेटवर हॉर्न वाजवत उभी राहते, कोणाले दम नसते. म्हणून बाया आपलं टोकन दिवसभर खात्यातल्या एका खिळ्याले टांगून ठेवतात, नि सुट्टी झाली की वैशाली साऱ्या टोकनांचा झुबका उचलून बोर्डावर लटकवून टाकते. वर्षानुवर्षं हेच. बाया गमतीनं म्हणत, मेल्यावर देवाच्या दारातबी वैशालीच आमचं टोकन लावून देईल. त्या दिवशीबी तिनं झुबका उचलला नि लावून टाकला. बोर्डावर एकही खिळा रिकामा राहिला नाही.

बस गेली. मशिनी बंद झाल्या. गोदामाचं शटर पडल्याचा आवाज आला. मी गॅस बंद केला, भांडे पालथे घातले, ओटा पुसला नि फळी पुसाले कपडा उचलला.

फळीवर ग्लास नव्हता.

मी फळीखाली पाहिलं. मोरीत पाहिलं. उगाचच डब्यामागं पाहिलं. मग वैशालीले फोन लावला. बसमधल्या गाण्याच्या आवाजात ती म्हणाली, "प्रणाली? नाही जी, बसमध्ये नाही. तिचा बाप गाडीवर घ्याले आला असेल. टोकन तर मीच लावलं ना." मी वंदनाबाईले लावला. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "बस निघाली का शकुबाई? आज तिच्यासाठी पुरण वेगळं काढून ठेवलं." मी म्हटलं, "हो, निघाली," नि फोन ठेवून दिला. बस निघाली हे काही खोटं नव्हतं.

गेटवर कवडू होता, आमचा म्हातारा चौकीदार. त्यानं बोर्ड दाखवला. "टोकन लटकून आहे ना. म्हणजे पोट्टी बाहेर."

"बोर्ड नोको पाहू कवडूभाऊ, माझी फळी पाह्य," मी म्हटलं. त्याले काही समजलं नाही, पण माझं तोंड पाहून तो सोबत आला.

अंधारी खोली उघडी होती. प्रणाली दार कधीच उघडं टाकत नाही. जांभळी बत्ती जळत होती, एक कोन खाली पडून त्याचं सूत दारापर्यंत गेलं होतं. वऱ्हांड्यात तिची एक चप्पल. दुसरी पुढं, गोदामाच्या वळणावर. गोदामाले शटर, शटरले ताला. मी शटरवर कान ठेवला. आतून काहीच आवाज नव्हता. कापसाच्या गाठीइमधून आवाज येतच नाही, साऱ्या मिलमध्ये तेवढीच एक मुकी जागा. ती तिथं काऊन पळाली ते मले लगेच समजलं, नि समजलं म्हणूनच जास्त भीती वाटली. पुढचे दोन दिवस त्या शटरले कोणी हात लावणार नव्हतं. वर पत्रे तापलेले, आत हवा नाही. नि बोर्ड म्हणत होता, ती बाहेर आहे.

चाबी साहेबाच्या कपाटात. साहेब अजून ऑफिसात होते. मी ऑफिसच्या पायरीवर उभी राहिली. वर जाऊन सांगितलं तर पोट्टीची नोकरी गेली, म्हणजे लोधीखेडा. नाही सांगितलं तर पोट्टीच गेली. यात विचार करासारखं काही नव्हतं, तरी पाय उचलत नव्हते. मग मी गेली.

साहेबाचा चेहरा उतरला. "तालमीत बाई आत राहिली? नि मी वर रिपोर्ट पाठवून दिला, सगळे बाहेर?" ते धावतच खाली आले. ट्रकवरचे दोन-चार हमाल बोलावले. शटर वर गेलं ते एवढं खडखडत की माझेच दात शिवशिवले. मग सारे आत घुसले, मोबाइलच्या बत्त्या घेऊन, नि प्रणाली, प्रणाली, प्रणाली. पत्र्याखाली ते ओरडणं घुमून राहिलं होतं. आतून काही नाही. गाठी छतापर्यंत रचलेल्या, मधात माणूस आडवा होऊन जाईल एवढी गल्ली. एक हमाल थप्पीवर चढला, नि वरची एक गाठ सरकून धाडकन खाली आली. एक गाठ म्हणजे दोन माणसांचं वजन. धूळ खाली बसेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. त्या धुळीत मले ती मेलेलीच दिसली. खोटं नाही सांगत, दिसली.

साहेब म्हणाले, "सायरन वाजवा. सायरन ऐकून तरी बाहेर येईल."

मी त्याइच्या आडवी गेली. "वाजवू नोका. वाजवला तर ती अजून आत घुसेल, नि थप्पी अंगावर घेईल."

"तुम्हाले काय माहीत?"

"माहीत आहे. तिले ऑटिझम आहे. तुमचा सायरन, तुमचं ओरडणं, या बत्त्या, हे तिले मारल्यासारखं लागते. ती भीत नाही साहेब, तिले दुखते." एवढं बोलून मी थांबली. कुलूप मीच तोडलं होतं. वंदनाबाईले काय तोंड दाखवू, हे मनात आलं, पण त्या टायमाले मले पोट्टी जिवंत पाहिजे होती. "साऱ्याइले बाहेर न्या. बत्त्या विझवा. शटर वाजवू नोका. मले एकटीले राहू द्या."

साहेबानं आपल्या मोबाइलची बत्ती विझवली. पहिल्यांदाच त्याइनं माझं ऐकलं.

सारे गेले. मी फरशीवर बसली. मले हळू बोलता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. म्हणून मी बोललीच नाही. शटरच्या खालून संध्याकाळचा थोडासा उजेड येत होता. सरकीचा कोंदट वास नि अंगातून घाम. मनात येई, ती गाठीखाली असेल तर? तिचा श्वास कोंडला असेल तर, नि मी इथं मुकाट बसून असेन तर? उठून ओरडावं असं वाटे. मी पदर तोंडात धरला. किती वेळ बसली मले माहीत नाही. उजेड कमी झाला एवढं खरं.

मग गल्लीत काहीतरी घासलं गेलं. अंगभर कापूस लागलेली प्रणाली हळूहळू बाहेर आली. माझ्यापासून थोडी दूर बसली. ग्लास छातीशी धरला होता.

मी हललीबी नाही. ती म्हणाली, "मावशी, आग विझली का?"

"आग लागलीच नव्हती माय," मी म्हटलं. एवढं हळू मी माझ्या लेकराशीबी कधी बोलली नाही.

"मग सारे बोंबलत काऊन होते? माझं नाव घेऊन बोंबलत होते. मले वाटलं, आग माझ्याकडं येऊन राहिली."

मले रडू फुटलं. तेबी मी आवाज न करता रडली.

ती कँटिनमध्ये आली, ग्लास घासला, पुसला, फळीवर पालथा ठेवला, नि मगच साहेबाच्या गाडीत बसली.

छुट्टीनंतर साहेबानं मले बोलावलं. मले वाटलं, आता काढल्याचं सांगतात. पण ते म्हणाले, त्या मुलीले मी काढणार नाही, मी वाचलं तिच्या बिमारीबद्दल. मी म्हटलं, बिमारी नाही ते. ते म्हणाले, हो, तेच. नि मग म्हणाले, "आता ती माझी जबाबदारी आहे. तिले एकटीले अंधारात ठेवणं धोक्याचं. मी तिचा टेबल बाहेर हॉलमध्ये लावला. कॅमेऱ्याखाली, वैशालीच्या बाजूले. सारखी नजरेसमोर राहील."

"साहेब, तिले तीच खोली पाहिजे. नि सायरन वाजवाचा असला तर आधी सांगत जा. बाकी तिले काहीच नोको."

"नि पुन्हा असं काही झालं तर? तुम्ही जबाबदारी घ्याल, शकुबाई?"

मी म्हटलं, घेते. ते हसले. कँटिनवालीच्या जबाबदारीले कोण विचारते. वर येऊन सांगितलं ते मी बरोबरच केलं, आजही म्हणते. पण त्या दिवशी ऑफिसातून उतरताना मले तालमीच्या दिवशी वर चढताना होती त्यापेक्षा जास्त भीती वाटून राहिली होती.

साहेबानं साऱ्या बायाइले गोळा करून सांगितलं, हिची काळजी घ्या. झालं. बायाच त्या, काळजी घ्याले लागल्या. थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी खांद्यावर हात ठेवे, "बरी आहे ना तू?" वैशालीनं तर तेल बदललं होतं बिचारीनं, पण हात काही आवरला नाही. वर ती फडफडती ट्यूबलाइट. उजेडात कोन पाहता येत नाही म्हणून प्रणालीले आता डबे चिकटवाचं काम दिलं होतं. मी चहा घेऊन जाय तेव्हा पाहे. ती चिकटपट्टी फाडे, लावे, फाडे, लावे, नि तिचे डोळे कुठंच नसत. माझ्याशी बोलणं बंद झालं. वरण-भाताच्या दोन्ही वाट्या भरलेल्याच परत येत. पण दुपारी ग्लास फळीवर ये. तेवढं पाहून मी श्वास सोडे.

नि एक दिवस दुपारची सुट्टी झाली, बाया बाहेर आल्या, फळी रिकामीच.

या वेळी मी फोन केला नाही. कोणाले हाक मारली नाही. मले आता माहीत होतं कसं कराचं. चपला कँटिनमध्येच काढल्या नि गोदामात गेली. शटर कामासाठी उघडंच होतं. हमाल चहाले गेले होते. मी गल्लीच्या तोंडाशी फरशीवर बसली, पदर तोंडात धरला, नि वाट पाहत राहिली. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. बस गेली. मी बसूनच. मनात एकच, या वेळी गाठ पडू नये, या वेळी कोणी ओरडू नये, ती आपली आपण येईल.

कवडू आला. माझ्याजवळ उकिडवा बसला, नि हळूच म्हणाला, "कोणाची वाट पाहून राहिली शकुबाई?"

मी त्याले बोटानं चूप केलं. "आत आहे ती. येईल."

"ती तर कधीचीच गेली. शेवटच्या चहानंतर लगेच. मीच गेट उघडलं."

"टोकन?"

"स्वतः लटकवलं. नागपूरकडून येणाऱ्या गाडीत बसली, पांढुर्ण्याच्या."

"नि ग्लास?"

"हातात होता. ओढणीनं पुसून राहिली होती."

कवडू गेला. मी तिथंच बसून राहिली. खरंच तिथं काही ऐकू येत नव्हतं. मशिनी चालू होत्या, हॉलमध्ये सारे ओरडून बोलत असतील, पण तिथं काही नाही. नि त्या शांततेत मले लोधीखेड्याचं ते घर दिसलं, भर चौकातलं, खाली लाउडस्पीकर. मी गाठीचा आधार घेऊन उठली.

घरी जाताना सौंसरच्या बाजारात मी हार्डवेअरच्या दुकानात थांबली. दाराची कडी मागितली. दुकानदारानं दोन-तीन काढून समोर ठेवल्या नि विचारलं, दार कोणतं आहे, लाकडी की लोखंडी? मी म्हटलं, माहीत नाही. आतून लागली पाहिजे.